बिनतिखटाची चटणी

आमच्या घरात अन्न शिजण्याआधी त्याची मीटिंग व्हायची. साधा वरण-भात असेल तर ती चुलीपाशी उभ्याउभ्या आटपे, तळ्यातले मासे आले असतील तर ओसरीवर बसून होई, आणि पाहुणे यायचे असतील तर मोठेबाबा खांद्यावरचा दुपट्टा झटकून खाटेवर मांडी घालत आणि अख्ख्या घराला समोर बसवून घेत. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते एकदा सरपंचकीला उभे राहिले होते आणि सपाटून पडले होते. गावाने त्यांना सभा चालवू दिली नाही, त्याची भरपाई आम्ही घरच्यांनी जन्मभर केली. "विषय मांडा," असं ते म्हणत, आणि विषय त्यांनीच मांडलेला असे. "कोनाचा इरोध?" असं विचारत, आणि कोणी तोंड उघडायच्या आत "मंजूर" म्हणून तंबाखूची डबी उघडत. मी पुढे आयुष्यात बऱ्याच मोठ्या लोकांच्या सभा पाहिल्या. मोठेबाबांपेक्षा वेगळं कोणी काही करत असल्याचं मला दिसलं नाही. फक्त डबी नसते.

गाव वैनगंगेच्या अलीकडचं, तळ्याच्या पाळीला चिकटलेलं. बाबा आणि काका उजाडायच्या आधी जाळं घेऊन तळ्यावर जात, कधी नदीवर. पावसाळ्यात सगळं घर धानाच्या बांधीत. अंगणात ओल्या जाळ्यांचा आणि सुकत घातलेल्या झिंग्यांचा वास कायम असे, इतका कायम की तो वास आहे हे मला चंद्रपूरला गेल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. सकाळी जाग यायची ती पाट्यावरच्या वरवंट्याने. पाटा मार्कंड्याच्या जत्रेतून मोठी मायने स्वतः बोटांनी वाजवून निवडून आणला होता. त्यावर कोण वाटतंय हे मी गोधडीत पडल्यापडल्या आवाजावरून सांगायची: माझी माय घाईघाईने, काकू रागारागाने, आणि मोठी माय मूल निजवत असल्यासारखी.

मोठी माय म्हणजे मोठेबाबांची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. माझ्या पाठीवर दोन भाऊ पटापट आले तेव्हा मायने मला उचलून तिच्या खाटेवर टाकलं, ती मी तिथेच राहिले. मी मायच्या पोटची आणि मोठी मायच्या हातची. माझी वेणी तिने घातली, मला पोहायला तिने शिकवलं, माशाचे खवले कसे काढायचे आणि चार, म्हणजे चारोळीच्या झाडाची फळं, फोडून आतली चारोळी अखंड कशी काढायची हे तिने दाखवलं. बोलायची मोजकं. पण न बोलण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, आणि त्याचा प्रत्यय या प्रकरणात येणारच आहे.

त्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. गावची शाळा तिथे संपायची. पुढे शिकायचं तर चंद्रपूर, आणि चंद्रपुरात राहायचं तर बाबांचे मावसभाऊ, दादाजीभाऊ, यांच्या घरी. दादाजीभाऊ बिजलीघरात नोकरीला होते. ते तयार होते. पण घरात पोरगी ठेवायची की नाही हे ठरवणार त्यांची बायको, कुसुमबाई, आणि तिने निरोप धाडला होता की आधी येऊन पाहीन, मंग सांगीन. तिचं "नाही" आलं तर काय, याचीही मोठेबाबांनी सोय करून ठेवली होती. त्यांच्याजवळ दुसरा विषय तयार होता: आरमोरीकडचा एक मुलगा, बैलजोडीवाला, माझ्याहून बराच मोठा. म्हणजे कुसुमबाई खुश झाली तर मी अकरावीत, आणि नाराज झाली तर मांडवात. माझी सगळी अक्कलहुशारी, रात्रंदिवस केलेला भूमितीचा अभ्यास, सगळं एका बाईच्या जेवणावर येऊन ठेपलं होतं.

"पाहुणे शयरातले हायेत," मोठेबाबांनी विषय मांडला. "घरात बसवून भात वाढला त त्याईले काय कवतिक? सांदवाडीत आग लावू. पानगे करू, मासोळ्या भाजू, आंब्याखाली बसवू. चंद्रपूरले जाऊन नाव काढलं पाह्यजे."

सांदवाडी म्हणजे आमच्या घरामागची मोकळी जागा. तिथे आंब्याचं झाड, गोठा, गौऱ्यांची उडवी, वांग्यांचे वाफे आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण. आणि पानगे म्हणजे कणीक जाड थापून, वरून-खालून पळसाची पानं लावून गौऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली भाकर. पान जळतं, त्याच्या शिरा पानग्यावर उमटतात आणि धुरकट गोड वास राहतो. आमच्या भात खाणाऱ्या मुलखात गहू म्हणजे पाहुणे. पानगे, भाजलेलं वांगं आणि पळसाच्या पानात गुंडाळून भाजलेली मरळ, एवढं एका दमात मंजूर झालं. अडलं ते चटण्यांवर. आणि चटण्यांवर अडलं ते असं अडलं की पुढचे कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

माझी माय म्हणाली, हिरव्या मिरचीचा लसूण घातलेला ठेचा पाहिजे, त्याशिवाय पानगा नरड्याखाली उतरत नाही. काकू भिवापूरकडची. तिचं म्हणणं, मिरची म्हणजे तिच्या माहेरची लाल मिरची. बाकी सगळा रंग. ती सुकलेल्या झिंग्यांची लाल चटणी करणार होती आणि मरळीलाही तोच मसाला चोळणार होती, आणि याला कोणी आडवं आलं तर तो तिच्या बापाचा अपमान समजला जाणार होता. कैरीची चटणी दोघींना हवी होती, पण गूळ घालून की न घालता यावर दोघी दोन दिवस एकमेकींकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. मोठेबाबा स्वतः मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावातून वाटलेल्या मोहरीची बाटली घेऊन आले. तिचं बूच काढल्याबरोबर मांजर घराबाहेर गेलं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चंद्रपुरात आता लोक प्रत्येक गोष्टीबरोबर लाल सॉस खातात, म्हणून काकांना तालुक्याला पिटाळून सॉसची बाटलीही आणवली. ती भिंतीतल्या देवळीत, देवाशेजारी ठेवली होती.

बाबा या सगळ्यात एकदाच बोलले. "मासोळी ताजी असली म्हणजे झालं," असं म्हणाले, आणि जाळं विणू लागले. त्यांचा ठराव कोणी चर्चेला घेतला नाही.

मग मोठी माय बोलली. ती दाराशी बसून तीळ पाखडत होती. "पाहुणीले तिखट चालत नाई म्हणते. दादाजीभाऊच सांगत होते मांगं. मी तीळ-खोबऱ्याची करीन, चारोळी घालून. बिनतिखटाची."

ओसरीवर सगळ्यांनी हातातली कामं टाकून तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरात मिरचीचं सुतक लावायला सांगितलं होतं.

"तिखट नाई त चटणी कायची?" मोठेबाबा म्हणाले. "ते त दात नसलेल्या लेकराचं खाणं झालं. उद्या चंद्रपूरभर सांगत फिरतीन का याईच्या घरी मिरची बी नाई. नामंजूर."

"मंग पाहुणी काय खाईन?"

"इतक्या चटण्या हायेत! तिनं खाऊन खाऊन किती खाचं?"

मोठी मायने सूप खाली ठेवलं, उठली, आत गेली. तीळ, खोबरं आणि चारोळी तिने आधीच भाजून ठेवली होती. ती तिने पाट्यावर वाटली, अगदी मऊ, तेल सुटेपर्यंत. पण त्या दिवशीचा वरवंट्याचा आवाज मूल निजवण्याचा नव्हता. वाटण बरणीत भरलं, वर मीठसुद्धा घातलं नाही, बरणी फळीवर मागे सरकवली आणि नवऱ्याशी अबोला धरला.

मोठी मायचा अबोला म्हणजे साधं रुसणं नव्हे. ती सगळी कामं करायची, सगळ्यांना वाढायची, पण नवऱ्याला काही सांगायचं झालं तर गोठ्यातल्या गायीला सांगायची. "कपिले, जेवाले बसा म्हणा." "कपिले, धोतर वाळलं म्हणा." मोठेबाबाही गायीलाच उत्तर द्यायचे. गाय दोघांच्या मधे उभी राहून रवंथ करायची. घरातली सगळ्यात समंजस तीच होती. या अबोल्याचा एक परिणाम झाला. मोठी माय मीटिंगला येईनाशी झाली, आणि घरात कुठे काय ठेवलंय, का ठेवलंय हे एकट्या तिलाच ठाऊक असे.

परवा माझ्या पुतण्याच्या मुलाने मला मोबाइलवर एका ग्रुपात घातलं. नागपूरला त्यांच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात बार्बेक्यू आहे म्हणे. ग्रुपात रोज मतदान: मेयोनीज की पेरीपेरी, पुदिन्याची चटणी विकतची की घरची, चिमटे स्टीलचे की लाकडी मुठीचे. शंभर निरोप झाले तरी माणसं भांडतच आहेत. मी वाचते आणि मला मोठेबाबांची आठवण येऊन भरून येतं. मी काल एकच प्रश्न टाकला, "कोळसा कोण आणणार?" त्यावर सगळ्यांनी हसण्याचे चेहरे पाठवले. उत्तर अजून आलेलं नाही.

आमच्याकडेही हेच झालं. तोंडी लावण्याचं सगळं ठरलं, पण आगीत काय घालायचं हे कोणी ठरवलं नाही, कारण लाकडं तर असतातच. मोठेबाबांनी मात्र पाहुण्यांच्या नजरेला पडेल म्हणून सांदवाडी साफ करायला काढली. कुंपणाच्या कोपऱ्यात एक जुना ढीग होता, वर बोरीच्या काट्या दाबलेल्या. मोठेबाबांनी हुकूम सोडला की काट्या फेका, सगळी लाकडं एकाच जागी, एका मापाची तोडून, भिंतीशी नीट रचा. माणसाची किंमत त्याच्या लाकडांच्या रचाईवरून कळते. काकांनी दिवसभर खपून रचाई केली. ती खरंच सुंदर होती. संध्याकाळी काकांचे हात खाजायला लागले. मोठेबाबांनी ते कामचुकारपणाचं लक्षण ठरवलं.

पाहुणे चंद्रपूरहून एसटीने आले. दादाजीभाऊ पांढऱ्या बुशशर्टात, हसतमुख, बायकोच्या एक पाऊल मागे. कुसुमबाईच्या हातात छत्री, डोळ्याला काळा चष्मा, आणि चेहऱ्यावर कोणत्याही क्षणी कशाला तरी नाही म्हणायची तयारी. तिने मला नखशिखांत पाहिलं. "अभ्यास कराची का फक्त पास व्हाची?" असं विचारलं. मी म्हटलं, "दोनी कराची." तिने चष्मा काढून परत पाहिलं. मला वाटलं, संपलं, आरमोरी.

ऊन कलल्यावर सांदवाडीत आग लागली. मोठेबाबांनी मानाच्या जागा स्वतः ठरवल्या होत्या. सगळ्यात मोठा मान म्हणजे आगीच्या सगळ्यात जवळ, म्हणून कुसुमबाईला तिथे बसवली, शेजारी मोठेबाबा स्वतः, आणि कुसुमबाईच्या दुसऱ्या बाजूला हातात विंझणा देऊन मला. माझं काम तिला वारा घालणं, चटण्या वाढणं आणि सुशील दिसणं. गौऱ्यांचे निखारे पानग्यांसाठी होते. मासोळ्यांसाठी मोठेबाबांना ज्वाळा पाहिजे होत्या, चांगल्या उंच, शहरातल्या माणसांना दिसतील अशा. रचाईतली लाकडं भराभर आत गेली. धूर उठला, दाट, चिकट, आणि वाऱ्याने फिरून नेमका मानाच्या जागांवर आला. "धूर पाहुण्यामांगं जाते म्हणतात," मोठेबाबा डोळे पुसत म्हणाले. "शुभ असते." मी जितका विंझणा हलवला तितका धूर आमच्या तोंडावर आला.

जेवण काय सांगू! पानगे असे झाले होते की त्यांचा वास आजही येतो. पण कुसुमबाईने ठेच्याला बोट लावलं आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. लाल चटणी तिने लांबूनच ओळखली. मरळीवर काकूचं माहेर चोळलेलं होतं. मोहरी तिच्या नाकात गेली आणि ती बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिली. कैरीच्या चटण्या शेवटी दोन्ही झाल्या होत्या, गुळाची आणि बिनगुळाची, आणि दोघींनी चढाओढीने दोन्हींत मिरची घातली होती. "आता सॉस काढा," मोठेबाबा म्हणाले. बाटलीचं झाकण उघडेना. काकांनी दातांनी पाहिलं, बाबांनी जाळ्याच्या दोरीने पाहिलं, मोठेबाबांनी उलटी धरून बुडावर बुक्क्या मारल्या, आणि ती उघडली तेव्हा सगळा सॉस एकदम दादाजीभाऊंच्या पांढऱ्या बुशशर्टावर गेला. ते बिचारे हसले. कुसुमबाई कोरडा पानगा मिठाला लावून खात होती. मोठी माय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं पाहत होती, काही न बोलता. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती धुराआडून एकट्या कुसुमबाईकडेच पाहत होती.

सकाळी मी जागी झाले आणि डोळे उघडेनात. आधी वाटलं अजून झोप आहे. मग शेजारच्या खाटेवरून कुसुमबाईची किंकाळी आली. तिचा चेहरा फुगून टम्म झाला होता, डोळ्यांच्या नुसत्या फटी, ओठ शिंगाड्यासारखे, आणि कपाळावर लाल चट्टे. मोठेबाबा उठून बसले तर त्यांना त्यांच्या बायकोनेही ओळखलं नसतं. अंगाची आग आग होत होती, खाजवावं तर कातडी निघतेय असं वाटे. धूर होता तोवर दूर तळ्याकाठी मासे साफ करत बसलेल्या बाबांना काही झालं नव्हतं. ते राखेपाशी गेले, एक अर्धं जळलेलं लाकूड काठीने उलटवलं. त्याच्या टोकाला काळा चीक फसफसून वाळला होता.

"हा त बिबा हाये," बाबा म्हणाले.

जंगलाच्या मुलखात चालायला लागलेल्या पोराला ठाऊक असतं की बिब्याचं झाड उन्हाळ्यात छेडू नये, त्याचं लाकूड चुलीत घालू नये, त्याचा धूर अंगावर घेऊ नये. बिबा उततो, अंग सुजतं. बांधावरचं बिब्याचं झाड हिवाळ्यात पडलं होतं. त्याच्या फांद्या कुंपणाच्या खुंटांसाठी कोपऱ्यात ठेवल्या होत्या, आणि कोणी चुकून हात लावू नये म्हणून मोठी मायनेच वर काट्या दाबल्या होत्या. चांगल्या कामात बिब्बा घालणारे लोक असतात असं म्हणतात. आमच्या घरी तो रीतसर मीटिंग घेऊन, एका मापाचा तोडून, रचून घातला होता.

मोठेबाबांनी त्या तोंडानेही चौकशी सुरू केली. "लाकूड कोनाच्या कामात होतं?" ते फुगलेल्या ओठांतून विचारत होते. काका म्हणाले, रचाई तुमच्या हुकमाने झाली. काकू म्हणाली, मी फक्त मिरची पाहत होते. कुसुमबाई खाटेवर बसून दादाजीभाऊंना सांगत होती, "चला इथून. आत्ताच्या आत्ता. काय लोक हायेत, जीव घेतीन आपला." मला डोळ्यांच्या फटींतून धड दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी भिंतीला टेकून रडत होते, आणि खारट पाण्याने गाल आणखी जळत होते.

तेवढ्यात माझ्या हनुवटीखाली एक हात आला. तिळाच्या वासाचा. मोठी मायने माझं तोंड वर केलं, बराच वेळ पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा, गायीला मधे न घालता, नवऱ्याला म्हणाली, "सरका तिकडं." फळीवरून बरणी काढल्याचा आवाज आला. तीळ, खोबरं आणि चारोळी यांचं ते गार, तेलकट वाटण तिने माझ्या डोळ्यांवर, गालांवर, ओठांवर हळूहळू बसवलं. बिबा उतला की आमच्याकडे हेच लावतात आणि हेच खायला देतात. मीठ नव्हतं म्हणून झोंबलं नाही. आग जरा निवली तेव्हा मी श्वास सोडला, आणि तिनेही सोडला.

"आमाले बी लावा ना व बाई," खाटेवरून कुसुमबाई म्हणाली.

मोठी मायचा हात माझ्या गालावर थांबला. क्षणभरच. मग तिने बरणी उचलली आणि पाहुणीच्या खाटेपाशी गेली. थोड्या वेळाने सांदवाडीत एका ओळीत तीन माणसं चटणी थापून पडली होती: चंद्रपूरची पाहुणी, पडलेले सरपंच, आणि मी. कोंबड्या भोवती जमल्या आणि त्यांना हाकलायला काकांना बसवलं गेलं. बऱ्याच वेळाने कुसुमबाईच्या बाजूने चाटल्याचा आवाज आला.

"हे खाले बी चालते का?"

"खाचीच हाये," मोठी माय म्हणाली. तिने वाटीभर वाटणात मीठ घातलं, रात्रीचा उरलेला पानगा कुस्करून आणला. कुसुमबाई त्या सुजल्या तोंडाने खात राहिली, आणि मागून घेऊन परत खात राहिली. "या घरात आल्यापासून पोटात पयल्यांदा काई गेलं," असं म्हणाली. मग विचारलं, "आमच्या घरी सगळे तिखटखाऊ. माह्या तोंडाचं कोनी करत नाई. पोट्टीले येते का हे कराले?"

मला नीट आठवतं, मी उठून बसले होते. मोठी माय एका शब्दात माझं जाणं थांबवू शकत होती. नाही येत म्हणाली असती तर कोण तपासायला जाणार होतं? पण मग तिने मला काही शिकवलं नाही असं झालं असतं, आणि तेवढा खोटेपणा तिच्या हाताला जमला नसता.

"येते," ती म्हणाली. "मीच शिकवलं."

"मंग धाडा," कुसुमबाई म्हणाली, आणि वाटी चाटली.

असलं तोंड घेऊन एसटीत कोण बसणार, म्हणून सूज ओसरेपर्यंत पाहुणे राहिले, आणि रोज तीच चटणी खाल्ली. त्यांना निरोप देऊन आल्यावर मोठेबाबांनी खाटेवर मांडी घातली आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. नियोजन चांगलं असलं की असं होतं, म्हणाले. कोनाचा इरोध? मंजूर. मी चंद्रपूरला निघाले त्या दिवशी मोठी माय स्टँडवर आली नाही. माझ्या पिशवीत चटणीची बरणी घालून आणि सोबत अर्धं पोतं चार देऊन ती पाट्यापाशी जाऊन बसली. वाटायला काही नव्हतं. मी एसटीत मूल गाव येईपर्यंत रडले आणि तिथून पुढे चंद्रपूर बघायला म्हणून खिडकीशी सरकले. सोळाव्या वर्षी माणूस असाच असतो.

मी तिथेच शिकले, तिथेच शिक्षिका झाले, तिथेच घर केलं. मोठेबाबा गेल्यावर मोठी माय म्हातारी होऊन काकांच्या मुलाकडे राहत होती. ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. डोळ्यांना कमी दिसायचं, तरी पाट्यापाशी बसली होती आणि तीळ वाटत होती. सांदवाडीतलं आंब्याचं झाड तसंच होतं. मी इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. काट्या तिने दाबल्या होत्या, ढीग तिचा होता, दारात ती उभी होती.

"मोठी माय, लाकडं आगीत जात होती तवा तुले दिसलं नाई का व?"

वरवंटा थांबला नाही. "दिसलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती त जेवण नीट झालं असतं. पाहुणी खुश झाली असती. तुले घेऊन गेली असती." तिने पाट्यावरचं वाटण बोटाने गोळा केलं. "मले वाटलं, चिडून जाईन, अन तू राहशीन. त्या आरमोरीवाल्याले मी परतवलं असतं. तू बी तिच्या बाजूलेच बसली हायेस, हे मले धुरात दिसलंच नाई."

मला राग यायला हवा होता. नाही आला. माझ्यासाठी कोणी इतका मोठा गुन्हा केला होता हे मला पहिल्यांदा कळत होतं, आणि माझे डोळे तेव्हासारखेच भरले.

"मंग चटणी काऊन काढली? तिले तशीच जाऊ द्यायची होती."

"तिच्यासाठी कोनं काढली? तुयं तोंड पाह्यलं अन काढली." तिने वाटीत मीठ घातलं, बोटाने ढवळलं. "पाहुणीनं मंधातच मांगितली. मंग नाई कसं म्हणाचं?"

तिने वाटी माझ्यापुढे सरकवली. "घे. मीठ पाह्य."

मी चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं.